साडीच्या शोरूमसाठी एलईडी वॉल: पिच ठरवण्याआधी टेप काढा

प्रश्न असा आला आहे. सांगलीत विश्रामबागला साड्यांचं नवं शोरूम होतंय. आतल्या मुख्य भिंतीवर साधारण १२ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच एलईडी वॉल लावायची आहे. कोटेशनं तीन आलीत: पी २.५, पी १.८६ आणि पी १.२५ (पी म्हणजे पिच, खाली सांगतो). पहिल्या आणि तिसऱ्याच्या किमतीत दुपटीहून जास्त फरक. "वडील म्हणतात स्वस्तातलं घे, इंटिरिअरवाला म्हणतो १.२५ शिवाय बोलूच नका. तुम्ही काय घेतलं असतं?"

मी मधलं घेतलं असतं आणि उरलेल्या पैशांना दुसरीकडे काम दिलं असतं. कुठे, ते सांगायला जरा वेळ लागेल. कुपवाडला माझं छोटं वर्कशॉप आहे. लाल सरकत्या अक्षरांच्या बोर्डापासून हा धंदा करतोय. एवढ्या वर्षांत पिच चुकला म्हणून पस्तावलेली गिऱ्हाइकं थोडी भेटली. बाकी सगळं चुकलं म्हणून पस्तावलेली भरपूर.

एलईडी वॉल म्हणजे बारीक एलईडी ठिपक्यांचा पडदा, आणि पिच म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये. पी २.५ मध्ये एका चौरस मीटरात १,६०,००० ठिपके बसतात, पी १.२५ मध्ये ६,४०,०००. पिच निम्मा झाला की ठिपके चौपट होतात. तेवढ्या एलईडी, त्यांना चालवणाऱ्या चिप म्हणजे ड्रायव्हर आयसी, तेवढं सोल्डरिंग. किंमत चढते ती याच्यामुळे. भाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण दिवाळीला लिहिलेला भाव पाडव्याला खोटा ठरतो.

आता टेप घ्या आणि दुकानात जा. फर्निचर झालं नसेल तर खडूने आखा. गिऱ्हाईक नेमकं कुठे बसणार? तुमच्या नकाशात गादीची बैठक भिंतीपासून ९ फुटांवर आहे, सोबत आलेल्या पुरुषमंडळींचा सोफा १४ फुटांवर आणि दार २५ फुटांवर. साडी बघणारी बाई पडद्याकडे पाठ करून किंवा आडवी बसणार, तिची नजर साडीवर. पडदा खरा बघणार तो सोफा. तासभर दुसरं काम नसलेला नवरा, सासरा आणि मोबाईलची बॅटरी संपलेला पोरगा. तेव्हा हिशोब सोफ्यापासून करा.

हिशोबाचे दोन नियम आहेत आणि प्रत्येक विक्रेता आपल्या सोयीचा सांगतो. सैल नियम असा की जितके मिलिमीटर पिच तितके मीटर लांब उभं राहा. त्यानुसार २.५ चा पडदा अडीच मीटरवरून, म्हणजे सव्वाआठ फुटांवरून चालतो. कडक नियम डोळ्याच्या क्षमतेवरून येतो. निरोगी डोळ्याला एक मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसायचे थांबतात ते जवळजवळ साडेतीन मीटरवर. त्या हिशोबाने २.५ चे ठिपके पूर्ण विरघळायला साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट लागतील. सत्य मधे आहे. हलत्या चित्रात डोळा ठिपके मोजत बसत नाही, स्थिर अक्षरांत मात्र लगेच पकडतो. माझा स्वतःचा ठोकताळा आहे की पिचच्या दुप्पट मीटर अंतर मिळालं तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही. तुमचा सोफा ४.३ मीटरवर. दोनाने भागलं तर २.१५ आला. म्हणजे २.५ काठावर नापास आणि १.८६ आरामात पास. १.२५ ला जे जास्तीचं दिसतं ते बारा फुटांच्या आत, आणि तिथे गादीवर बसलेल्यांचं लक्ष पैठणीच्या पदरावर असतं.

१.८६ मध्येही एक बारकावा आहे, तो तुमच्या कोटेशनवाल्याला विचारा. पडदा फरशांसारख्या तुकड्यांचा बनतो, त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. १.८६ चं मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं येतं, त्यावर १७२ बाय ८६ ठिपके. १२ मॉड्यूल आडवी आणि १२ उभी लावली की पडदा होतो ३.८४ बाय १.९२ मीटर आणि ठिपके २०६४ बाय १०३२. हा दोनास एक आकार. तुमच्या जाहिराती, कंपन्यांकडून येणारे व्हिडिओ, लग्नाचं शूटिंग हे सगळं सोळास नऊ. मग एक तर वर-खाली कापायचं नाहीतर बाजूला काळ्या पट्ट्या ठेवायच्या. त्यापेक्षा ६०० बाय ३३७.५ मिलिमीटरचं कॅबिनेट, म्हणजे मॉड्यूल बसवलेली तयार चौकट मागा, पी १.८७५ चं. एका कॅबिनेटमध्ये ३२० बाय १८० ठिपके. सहा आडवी, सहा उभी लावा: १९२० बाय १०८०. नेमकं फुल एचडी, एक ठिपका कमी नाही की जास्त नाही. माप ३.६ बाय २.०२५ मीटर, म्हणजे पावणेबारा फूट बाय साडेसहा फुटांच्या किंचित वर. तुमच्या भिंतीला जणू मापून शिवलेलं. कॉम्प्युटरमधून निघालेला प्रत्येक ठिपका पडद्यावर स्वतःच्या जागी बसतो, मधे कुणी ताणत नाही, दाबत नाही. ताणलेलं चित्र कसं दिसतं माहीत आहे का? इस्त्री न केलेल्या कांजीवरमसारखं. माल भारी, पण दिसत नाही.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण हे तुम्हाला मुंबईचा विक्रेता सांगणार नाही. तो डेमो इंग्रजीत दाखवतो. इंग्रजी कॅपिटल अक्षर ७ ठिपक्यांच्या उंचीत वाचता येतं. जुने लाल बोर्ड त्याच्यावरच चालायचे. आपल्या अक्षराला वर रफार आणि मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षर. 'सर्वोत्कृष्ट' लिहून बघा. काना-मात्रा धरून २४ ठिपक्यांच्या खाली गेलात तर मात्रा शिरोरेषेत बुडते. २४ ठिपके म्हणजे पी २.५ वर ६० मिलिमीटर, १.८७५ वर ४५. सोफ्यावरून दोन्ही वाचता येईल. पण अडीचवर अक्षराच्या तिरक्या कडांना पायऱ्या दिसतात आणि १.८७५ वर त्या जवळजवळ मिटतात. डेमोला जाताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःच्या दुकानाचं मराठी नाव आणि ऑफरची एक ओळ घेऊन जा. त्यांचा समुद्रकिनारा आणि पोपट बघू नका. पोपट कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो.

आणि सोबत एक काळी चंद्रकळा घेऊन जा. थट्टा नाही. आतल्या जागेसाठीचा पडदा ६००–८०० निट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड देऊ शकतो. पण साडीच्या दुकानात तो तेवढ्यावर चालवला तर सोफ्यावरची माणसं डोळे चोळत बाहेर पडतील. रोजचं चालवणं २०० ते ३०० निटवर येतं. उजेड उतरवला की स्वस्त पडद्याचं पितळ उघडं पडतं. चित्रातल्या छटा मुळात २५६ पायऱ्यांच्या. साधी ड्रायव्हर आयसी असेल तर उजेड पावभर केला की त्यातल्या साठ-सत्तर पायऱ्या उरतात. उजळ भागात काही कळत नाही. अंधाऱ्या भागात मात्र कत्तल. गडद मरून इरकलीच्या चुण्या म्हणजे एक सपाट डाग. संक्रांतीच्या काळ्या साड्यांचा व्हिडिओ लावला तर खडीचे ठिपके हवेत तरंगतात आणि साडी गायब. चांगल्या पडद्यात १४ किंवा १६ बिटची ग्रेस्केल, म्हणजे छटांच्या कितीतरी जास्त पायऱ्या असतात, त्यामुळे कमी उजेडातही छटा टिकतात. पत्रकात सगळेच १६ बिट लिहितात. म्हणून पत्रक ठेवा बाजूला, उजेड २० टक्क्यांवर आणायला लावा, तुमच्या चंद्रकळेचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ लावा आणि खरी साडी शेजारी धरा.

तिथेच दुसरी परीक्षा उरकून घ्या. मोबाईलचा कॅमेरा प्रो मोडवर, शटर १/१००० सेकंद, आणि पडद्याचा फोटो. काळे आडवे पट्टे आले तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र नव्याने उमटण्याचा वेग, कमी आहे. १९२० हर्ट्झवर पट्टे हमखास येतात, ३८४० वर बरेच कमी. आजकाल नवरी साडी अंगावर टाकून पडद्यासमोर रील काढते. तुमच्या दुकानाची फुकटची जाहिरात, आणि तिच्या मागे पट्टे. कोटेशनात ३८४० लिहून घ्या आणि ड्रायव्हर आयसीचं नावही लिहून घ्या.

साडीवाल्यांना मी आणखी एक सांगतो, ते ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. पडदा जिथे साडी उलगडून दाखवतात त्या गादीवर उजेड पडेल असा लावू नका. एलईडी वॉलचा पांढरा उजेड हा लाल, हिरवा, निळा अशा तीन अरुंद रंगांची गोळाबेरीज असतो. पडदा म्हणून तो पांढरा दिसतो. पण कापडावर पडला की मधले रंग मार खातात. धूपछाव रेशमात तर विचारूच नका, एक धागा एक रंग सांगतो आणि दुसरा भलताच. त्यात व्हिडिओ बदलला की गादीवरचा उजेड गुलाबीचा हिरवा होतो. बाई म्हणते, "घरी नेल्यावर रंग वेगळाच निघाला," आणि दोष तुमच्या मालाला. गादीवर रंग खरे दाखवणारे स्थिर दिवे ठेवा, ९० च्या वर सीआरआयचे (हा त्या खरेपणाचा आकडा, जास्तीत जास्त १००), आणि पडद्याचं तोंड सोफ्याकडे फिरवा. तुमच्या नकाशात भिंत हलवणं शक्य नाही, पण गादी चार फूट उजवीकडे सरकवता येईल. फुकट होणारं काम आहे, आत्ताच करा.

तुम्ही असंही लिहिलंय की पडदा रस्त्यावरून काचेतून दिसला तर बरं. नाही दिसणार. दुपारच्या उन्हात काचेआडून दिसायला अडीच हजार निटच्या पुढे उजेड लागतो. ६०० निटचा पडदा तिथून मळक्या फळ्यासारखा दिसेल. संध्याकाळी दिवेलागणीनंतर छान दिसेल, त्यावर समाधान माना. एका पडद्यात दोन कामं उरकायला गेलात तर आतल्यांना चटके आणि बाहेरच्यांना धूसर.

एसएमडी, जीओबी, सीओबी ही नावं विक्रेते मंत्रासारखी म्हणतात. एसएमडी म्हणजे उघड्या एलईडी एकेक चिकटवलेल्या. बारीक पिचमध्ये त्या दीड मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान, नखाने खरवडलं तरी निघतात. जीओबी म्हणजे त्याच एलईडींवर पारदर्शक रेझिनचा थर. सीओबी म्हणजे एलईडीची चिप थेट बोर्डावर बसवून वरून झाकलेली. साडीच्या दुकानात मुलं येतात, आणि मुलांना पडद्याला हात लावायचाच असतो. सकाळी ओलं फडकं मारणारी मावशीही येते. म्हणून तुमच्यासाठी जीओबी, नाहीतर पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान तीन फुटांवर आणि पुढे कुंड्यांचा कट्टा. जीओबीत एक ठिपका गेला तर तो जागेवर बदलणं किचकट असतं, बहुधा अख्खं मॉड्यूल काढावं लागतं. हे आधीच समजून घ्या. खालच्या दोन ओळी जीओबी आणि वरच्या साध्या, असली काटकसर कुणी सुचवली तर हात जोडा. दोन्हींचा काळा रंग वेगळा असतो. बंद पडदासुद्धा ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

ठिगळावरून आठवलं. एकदा मीच एका पुरवठादाराकडून माल आणला, कॅबिनेट कमी पडली म्हणून त्याने चार नंतरच्या लॉटची दिली. दिवसा कुणाला कळलं नाही. उद्घाटनाच्या संध्याकाळी करड्या रंगाचा व्हिडिओ लागला आणि उजव्या कोपऱ्यात चार चौकोन पिवळट उठून दिसले. यजमानांच्या आत्याबाईंनी मोठ्याने विचारलं, "हे डिझाईन आहे का ओ?" पुढचे तीन दिवस मी कॅलिब्रेशन करत होतो, तरी शंभर टक्के गेलं नाही. एलईडी वेगवेगळ्या खेपांत रंगाला किंचित वेगळ्या निघतात. म्हणून पडदा एकाच लॉटचा, आणि त्याच लॉटची सुटी मॉड्यूल आजच घेऊन ठेवायची. एकूण मॉड्यूलच्या चार-पाच टक्के. तीन वर्षांनी बाजारात तेच मॉड्यूल मिळेल या भरवशावर राहू नका. मघाशी उरलेल्या पैशांना काम देऊ म्हणालो, त्यातलं पहिलं हे.

दुसरं काम प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र पडद्याला वाटून देणाऱ्या डब्याचं. गिगाबिट नेटवर्कच्या एका पोर्टवरून साधारण साडेसहा लाख ठिपके जातात. तुमच्या फुल एचडी पडद्याचे ठिपके २०.७ लाख, म्हणजे चार पोर्ट. नोव्हास्टार कंपनीचा चार पोर्टचा व्हीएक्स ४०० प्रोसेसर बरोबर बसतो. १.२५ चा पडदा याच भिंतीवर घेतला असता तर २८८० बाय १६२०, म्हणजे ४६ लाखांच्या वर ठिपके. आठ पोर्ट, मोठा प्रोसेसर आणि व्हिडिओही तेवढे तपशीलवार हवेत. ते कोण बनवणार? तुमचा फ्लेक्सवाला फुल एचडीत देतोय हेच पुष्कळ. काम पूर्ण झालं की कॉन्फिगरेशनची फाईल पेनड्राइव्हमध्ये आणि प्रोसेसरचा पासवर्ड कागदावर मागून घ्या. बसवणारा फोन उचलेनासा झाला की रिसीव्हिंग कार्ड (कॅबिनेटमध्ये प्रोसेसरकडून चित्र घेणारं कार्ड) बदलताना त्या फाईलशिवाय पडद्यावर नुसती रांगोळी दिसते.

तिसरं काम वीज, आणि इथे मी हटून बसतो. सव्वासात चौरस मीटरचा पडदा पूर्ण पांढरा असताना चौरस मीटरला ५०० वॅट धरले तर साडेतीन किलोवॅटच्या पुढे जातो. नेहमीच्या व्हिडिओत त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. पण वायर आणि एमसीबी पूर्ण पांढऱ्याच्या हिशोबाने घाला. सगळे पॉवर सप्लाय एकदम चालू झाले की क्षणभर मोठा झटका ओढतात, म्हणून दोन-तीन सर्किट करून टप्प्याटप्प्याने चालू होऊ द्या. स्वतंत्र अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन, आणि न्यूट्रल ढिला आहे का ते वायरमनला दोनदा बघायला लावा. न्यूट्रल तुटला की २३० चे ४०० होतात आणि पॉवर सप्लाय फटाक्याच्या माळेसारखे जातात. अख्ख्या पडद्याला यूपीएस नको, प्रोसेसर आणि कॉम्प्युटरला पुरे. एसीवाल्यालाही सांगा: सरासरी सव्वा किलोवॅट उष्णता म्हणजे टनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं जास्तीचं काम. मागे हवा फिरायला जागा ठेवा आणि एसीचा झोत थेट पडद्यावर सोडू नका, पावसाळ्यात दव धरतं.

पावसाळ्याचा विषय सांगलीत टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. हरभट रोडवर मी लावलेला एक पडदा पाण्याच्या वर राहिला होता. प्रोसेसर आणि विजेचं डिस्ट्रिब्युशन पॅनेल मात्र मीच स्कर्टिंगलगतच्या कपाटात बसवलेलं. ते गेलं, ती चूक माझी. पण पडदा नंतर मेला. महिनाभर बंद, भिंती ओल्या, आणि मालकांनी साफसफाई झाल्या झाल्या मला न विचारता पूर्ण उजेडावर चालू केला. एलईडीत शिरलेल्या ओलाव्याला एकदम उष्णता लागली. आठवड्यात उभ्या-आडव्या चकाकत्या रेघा दिसायला लागल्या. धंद्यात त्याला कॅटरपिलर म्हणतात, आमचा पोरगा म्हणतो, "मालक, अळी लागली." लागली की ती पसरत जाते. तेव्हापासून माझा नियम: जूनपासून दिवाळीपर्यंत पडदा रोज किमान दोन तास चालवायचा, दुकान बंद असलं तरी. आठवड्याहून जास्त बंद राहिला तर आधी १०–२० टक्के उजेडावर काही तास, मग हळूहळू वर. सुटी मॉड्यूल सिलिका जेलसकट बंद डब्यात. विश्रामबाग नदीपासून लांब आहे, पण हवेतली ओल पत्ता विचारून येत नाही. विजेचं पॅनेल आणि प्रोसेसर कमरेच्या वर.

भिंतीबद्दल थोडक्यात. ओतीव अॅल्युमिनियमची कॅबिनेट धरली तर सगळं वजन दोनशे किलोच्या आसपास. इंटिरिअरवाल्याने जिप्समचं पार्टिशन केलं असेल तर त्यावर नाही, मागच्या विटांच्या भिंतीत किंवा जमिनीपासून उभ्या केलेल्या चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर. बारीक पिचमध्ये दोन मॉड्यूलमधली फट केसाएवढी चुकली तरी काळी किंवा चकाकती रेघ दिसते. सांगाडा प्लंब लावून, ओळंब्यातच हवा. दुरुस्ती पुढून, चुंबकी मॉड्यूल काढून होणारी घ्या. मागे माणूस जाईल एवढी जागा साडीच्या दुकानात कुणी सोडत नाही.

वडिलांना राग येणार नसेल तर अजून एक बोलतो. भिंत सात फुटांचीच असती तर मी एलईडी वॉल घेऊच दिली नसती. ९८ इंची एलसीडी डिस्प्ले साधारण ७ फूट बाय ४ फुटांचा येतो, फोर-के, त्याचा पिच काढला तर ०.५७ च्या आसपास. एवढ्या बारीक एलईडी वॉलच्या किमतीत दुकानाचं अर्धं फर्निचर होईल. तुमची भिंत १२ फुटांची आहे, जोड दिसायला नको आहेत, म्हणून एलईडी.

पैसे देताना तीन हप्ते करा आणि शेवटचा हप्ता पडदा सलग ७२ तास चालल्यावर द्या. त्या काळात लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि करडा असे सपाट रंग आलटून पालटून लावा. मेलेले ठिपके आणि पिवळट चौकोन तिथेच सापडतात. वॉरंटी मॉड्यूलची किती, पॉवर सप्लायची किती, आणि सांगलीत माणूस किती तासांत येणार, हे वेगवेगळं लिहून घ्या. "पाच वर्षं वॉरंटी" एवढ्याच ओळीत माल चीनहून यायला लागणारे दोन महिने लपलेले असतात.

डेमोला कधी जाताय ते कळवा. चंद्रकळा तुमची, टेप माझा.